हॅकर

हॅकर : संगणकासारख्या गुंतागुंतीच्या यंत्रणेचे अंतरंग जाणून घेण्यात व तिच्या क्षमतेच्या मर्यादा ताणून पाहण्यात आनंद मानणारा तंत्रकुशल हौशी. दुसऱ्याच्या संगणकात वा संगणकजालात अनधिकृतपणे शिरणारी व्यक्ती, हा या संज्ञेचा दुसरा व सध्या अधिक प्रचलित अर्थ होय. एकच शब्द प्रशंसेचा व दोषारोपाचाही असल्याने त्याचा अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

इंग्रजीतील मूळ क्रियापदाचा अर्थ कुऱ्हाडीसारख्या हत्याराने ओबडधोबड घाव घालणे असा आहे. त्याला तांत्रिक अर्थ प्राप्त झाला, तो अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या विद्यार्थ्यांमध्ये. आगगाड्यांच्या प्रतिकृती चालविणाऱ्या तेथील मंडळाच्या (टेक मॉडेल रेलरोड क्लब, स्थापना १९४६) एप्रिल १९५५ मधील सभेच्या इतिवृत्तात, विद्युत् व्यवस्थेवर काम वा ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी वितळतार जळू नये म्हणून आधी वीजप्रवाह बंद करावा, अशी सूचना आढळते. तांत्रिक अर्थाची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. सूचना साधी असली, तरी ‘काम’ व ‘हॅकिंग’ हे शब्द तीत वेगवेगळे आले आहेत, हे लक्षणीय आहे. ठरलेल्या कामाबाहेर केवळ हौसेने केलेली खटपट म्हणजे हॅकिंग, अशी समजूत त्यामागे दिसते.

१९५८ मध्ये ‘टीएक्स-०’ हा संगणक एमआयटीत आला. तोवर मोठे संगणक चालकांच्या ताब्यात असत. छिद्रित पत्रे त्यांच्या हवाली करून विद्यार्थ्याला उत्तराची वाट पाहावी लागे. टीएक्स-० समोर मात्र त्याला स्वतः बसता येई. रात्री-अपरात्री यंत्र मोकळे सापडताच मंडळातील मुले त्यावर ठाण मांडीत. पदवी, वय वा हुद्दा यांपेक्षा आज्ञावली किती थोडक्यात व किती कल्पकतेने लिहिली, यावर माणसाची योग्यता ठरे. बारा वर्षांचा पीटर डॉइच त्यांच्यात सहज सामावला. ‘पीडीपी-१’ या संगणकावर १९६२ मध्ये तयार झालेला ‘स्पेसवॉर!’ हा खेळ याच वातावरणाचे फळ होय. या मंडळींच्या आचारधर्माचे विवेचन स्टीव्हन लेव्ही यांच्या हॅकर्स (१९८४) या ग्रंथात आढळते.

वृत्तपत्रांनी १९८० नंतर हा शब्द बिघडविला, अशी तक्रार जुने हॅकर करीत आले आहेत. ती अर्धीच खरी आहे. एमआयटीच्याच विद्यार्थ्यांच्या द टेक या नियतकालिकात २० नोव्हेंबर १९६३ रोजी दूरध्वनी-हॅकरांच्या उपद्व्यापांचे वृत्त आले होते. एमआयटी व हार्व्हर्ड यांना जोडणाऱ्या सर्व तारा अडवून ठेवणे, दूर पल्ल्याच्या संभाषणाचा खर्च एका रडार केंद्राच्या माथी मारणे, असे त्यांचे स्वरूप होते. तथापि दूषित अर्थ सर्वतोमुखी झाला तो १९८३ मध्ये. त्या वर्षी मिलवॉकी येथील ‘४१४’ नावाच्या तरुणांच्या टोळीने लॉस ॲलॅमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या व न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयाच्या संगणकांत प्रवेश केल्याचे उघडकीस आले आणि वॉरगेम्स हा चित्रपटही गाजला. घुसखोरांसाठी ‘क्रॅकर’ हा निराळा शब्द हॅकरांनी सुचविला. इंटरनेटच्या वापरकर्त्यांसाठी १९९३ मध्ये निघालेल्या अधिकृत शब्दावलीनेही हा भेद मान्य केला. लोकव्यवहारात मात्र तो रुजला नाही. त्याऐवजी मालकाच्या संमतीने दोष शोधणारा ‘व्हाइट हॅट’ व स्वार्थासाठी शिरणारा ‘ब्लॅक हॅट’ अशी विभागणी रूढ झाली. तिचा उगम अमेरिकी गुराखीपटांतील नायक-खलनायकांच्या टोप्यांत आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ मध्ये ‘हॅकिंग’ हा शब्द आला व त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या. परंतु तेथे दिलेली व्याख्या प्रवेशाची नव्हती, तर संगणकातील माहिती नष्ट करण्याची, बदलण्याची वा तिची उपयुक्तता घटविण्याची होती. म्हणजे काहीही न बिघडविता शिरणारा मनुष्य लौकिक अर्थाने हॅकर, पण या कलमानुसार नव्हे. २००८ च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९) कलमातील हा शब्द गेला. अप्रामाणिकपणे वा कपटाने केलेल्या संगणकविषयक कृत्यांचा, त्यांत अनधिकृत प्रवेशही आला, समावेश त्यात झाला. उलट, २०१७ पासून केंद्र शासनच ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ या स्पर्धेद्वारे विद्यार्थ्यांना अडचणींवर तांत्रिक तोडगे काढण्याचे आवाहन करू लागले. तेथे शब्दाचा जुना, गौरवाचा अर्थ टिकून आहे.

मराठीत ‘खाते हॅक झाले’ असा प्रयोग सर्रास होतो. पुष्कळदा त्यात यंत्रणेचा भेद झालेला नसतो. खातेदाराला बोलण्यात गुंतवून त्याच्याकडूनच सांकेतिक अंक काढून घेतलेले असतात. ही निव्वळ फसवणूक होय व तिला तांत्रिक कौशल्य फारसे लागत नाही. ‘घुसखोर’ हा मराठी पर्याय एकाच अर्थापुरता चालतो, तर ‘संगणकवेडा’ या शब्दात वेड असले तरी कसब येत नाही. त्यामुळे मूळ शब्दच दोन्ही अर्थांनी मराठीत वापरला जातो.