कापडी टप आणि शाबूत पत्रा

पुण्यात कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. 1966 साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशभरातल्या नव्या गाड्यांची तपासणी होते. टेकडीखाली, पौड रस्ता आणि कर्वे रस्त्याच्या आसपास, सीट कव्हरं शिवणाऱ्यांची आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची दुकानं. जुनी गाडी जपणाऱ्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: नव्या गाड्यांना सनरूफ असतं, मग आजोबांच्या फियाटला घडीचा कापडी टप का बसवू नये?

फियाट कुठली, यावर सगळं अवलंबून आहे. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फियाट 500, म्हणजे टोपोलिनो, भारतात आणली. कापडी टपाची टोपोलिनो कारखान्यातूनच तशी येई. टप मागे गुंडाळला की डोक्यावर आकाश. त्यानंतरची 1100, जी पुढे पद्मिनी झाली, ती मात्र डोक्यापासून तळापर्यंत पत्र्याची. पहिलीला कापड घालणं ही दुरुस्ती, दुसरीला घालणं ही शस्त्रक्रिया.

कापड ही तेव्हा निव्वळ हौस नव्हती. टोपोलिनोचा जनक दान्ते जाकोसा याने 1957 साली नवी फियाट 500 आणली. मागच्या बाजूला दोन सिलिंडरचं इंजिन. बंद पत्र्याच्या डब्यात त्याची घरघर घुमली असती. कापडी छतामुळे आवाजाला वाट मिळाली आणि पत्राही वाचला. 1948 च्या सित्रोएन 2सीव्हीचं छत मागेपर्यंत गुंडाळता येई, त्यामुळे उंच सामान उभंच्या उभं नेता येई. फोक्सवॅगन बीटलला तर 1963 पर्यंत कापडी सनरूफ मिळत होतं; मग त्याची जागा हँडलने सरकणाऱ्या पत्र्याने घेतली.

असा मुळातला टप नव्याने शिवायचा, तर पहिलं काम जुनं कापड उतरवण्याचं. चांगला कारागीर ते ओढून फाडत नाही. ब्लेडने टाका न् टाका उसवतो, कारण तेच नव्या कापडाचं माप. पण त्या मापावर डोळे झाकून विसंबत नाही. टपाखालच्या कमानींवर ते वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, कडांना आकसलेलं असतं. म्हणून आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना. तो कमानींवर टाकायचा, खडूने बरोबर मधोमध रेघ ओढायची आणि दोन्ही बाजू त्या रेघेपासून मोजायच्या. रेघ बोटभर सरकली की टप बंद केल्यावर एका कोपऱ्यात चुण्या पडतात, आणि त्या नंतर कितीही ओढलं तरी जात नाहीत.

कापड कुठलं घ्यायचं यात कंजुषी करू नये, असं माझं ठाम मत आहे. रिक्षाच्या हूडाचं रेक्झिन स्वस्त असतं आणि पाणीही अडवतं. पण रोज घडी पडायची आणि वर एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन, यात ते कडक होतं आणि घडीवरच तडकतं. टपासाठीचं खास कापड तीन थरांचं असतं: वर एक कापड, खाली एक, आणि मधे रबराचा पातळ थर. ते महाग पडतं, सहजासहजी मिळत नाही, पण वाकायला तयार असतं.

शिवणीत खरी परीक्षा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. म्हणून जोड दुहेरी दुमडीचा घालायचा आणि आडव्या जोडाची उघडी कड मागे ठेवायची. कौलं एकमेकांवर चढवतात तशी, म्हणजे धावत्या गाडीवरून वारा आणि पाणी सरकून जातं. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजतो. शेवटी आतून सोल्युशन भरून भोकं बुजवायची.

ताण किती द्यायचा हे हातालाच कळतं. सैल राहिलं तर वेगात कापड फडफडतं आणि जुलैच्या पावसात त्यावर तळं साचतं. फार ओढलं तर पुढची दांडी खटक्यापर्यंत पोचत नाही. मग पाण्याची चाचणी: पाइपने आधी बारीक धार, नंतर जोराची, आणि आत सीटवर वर्तमानपत्र पसरून ओल कुठे उमटते ते पाहायचं. घडीचं सनरूफ असेल, तर चौकटीच्या पन्हळीतून खांबांत उतरणाऱ्या रबरी नळ्या तुंबल्या नाहीत ना, तेही बघायचं. थोडं पाणी आत येणार हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. ते वाहून गेलं पाहिजे.

आता पत्रा कापण्याकडे. 1100 ला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि त्यात छताचाही वाटा आहे. भोक पाडायचं तर कोपरे गोल ठेवावे लागतात, नाहीतर काटकोनातून चीर धावते. छताखालच्या आडव्या पट्ट्या तुटल्या तर त्यांच्या बदल्यात मजबूत चौकट वेल्ड करावी लागते. जर्मनीच्या वेबास्टोसारख्या कंपन्यांची अशी तयार छतं युरोपात तयार गाड्यांवर मागाहूनही बसवली गेली, म्हणजे काम अशक्य नाही.

तरीही मी ते करू नका असंच सांगेन. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लागू केलं. जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी दिली. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. त्यातली एक अट मोठी: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे 1970 ची धडधाकट 1100 अर्ध्या तासाच्या ग्राइंडरने हा हक्क गमावू शकते. कापलेला पत्रा परत वेल्ड करता येतो, कारखान्याचा अखंड टप परत मिळत नाही.

टोपोलिनोवाल्यांनी मात्र टप जरूर नवा करावा. उसवण्याआधी प्रत्येक कमानीचे, खिळ्यांच्या ओळीचे आणि कडेच्या पट्टीचे फोटो काढावेत. पावसाळ्यात ओला टप गुंडाळून ठेवू नये. दोन दिवसांत बुरशी धरते. आणि उतरवलेलं जुनं कापड टाकून न देता कोरडं करून, तुकड्यांवर नंबर घालून ठेवावं. पुढच्या खेपेला टप शिवणाऱ्याला ते लागेल.