लाटेची उंची आणि बोटीचं बुडणं

मराठवाड्यातल्या शेंद्र्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब. तरी अलीकडे एमआयडीसीतल्या कॅन्टीनमध्ये क्रूझचा विषय वरचेवर निघतो. कुणाच्या कंपनीने डीलर मंडळींना मुंबई-गोवा फिरवून आणलेलं असतं, कुणी दिवाळीच्या सुट्टीसाठी चौकशी करत असतं. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतो. जेवणाच्या हॉलमधल्या खुर्च्या इकडून तिकडे घसरताहेत, खिडकीबाहेर पाण्याची भिंत उभी आहे, माणसं ओरडताहेत. घरी तोच व्हिडिओ दाखवला जातो आणि बेत तिथेच मोडतो.

समुद्राची भीती असावीच. पण त्या व्हिडिओने ती चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे. प्रवासी बोटींचे मोठे अपघात एकेक करून पाहिले, तर लाट किती उंच होती यावर फार थोडं अवलंबून होतं असं दिसतं. टायटॅनिक 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनगावर आदळली तेव्हा समुद्र अगदी स्तब्ध होता. कोस्टा कॉन्कॉर्डिया 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकाला घासली आणि आडवी झाली. तेव्हाही समुद्र शांतच होता आणि 32 माणसं गेली. उलट 11 सप्टेंबर 1995 ला क्वीन एलिझाबेथ 2 या बोटीला अटलांटिकमध्ये ‘लुइस’ चक्रीवादळात सुमारे 29 मीटरची लाट भेटली. नऊ-दहा मजली इमारतीएवढी ही लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कोसळली, आणि बोट पुढे न्यूयॉर्कला पोचली. बोट बुडते ती आत शिरलेल्या पाण्याने, जागचं हललेल्या वजनाने किंवा ऐन वेळी बंद पडलेल्या इंजिनाने. लाट यातलं एखादं घडवून आणू शकते, म्हणून ती धोक्याची.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बोटीच्या उंचीचा असतो. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ घ्या. 1990 साली बांधलेली ही बोट सुमारे 210 मीटर लांब आहे. पाण्याच्या वर मजल्यावर मजले आणि पाण्याखाली जेमतेम सात मीटर. फोटो पाहून कुणालाही वाटेल, वाऱ्याची एक झुळूक पुरे. पण डोळ्यांना आकार दिसतो, वजन दिसत नाही. इंजिनं, जनरेटर, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या, सगळं जड सामान तळाला असतं. वरच्या मजल्यांत खोल्या, गॅलऱ्या, हॉल, म्हणजे बहुतेक हवाच. एम्प्रेसचं ‘टनेज’ 48 हजारांच्या वर सांगतात, त्यानेही असाच घोळ होतो. हा आकडा वजनाचा नाही, बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचा आहे.

बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी त्याला वर ढकलतं आणि बोट सरळ होते. जितकी रुंदी जास्त आणि वजन खाली, तितका हा जोर मोठा. मग वाटेल, हा जोर कमालीचा वाढवला तर उत्तमच. तसं नाही. फार ताठ बोट झटक्यात सरळ होते, आणि त्या झटक्याने माणसं पडतात, सामान उडतं. प्रवासी बोट मुद्दाम सावकाश डोलेल अशी आखलेली असते. संथ, लांब हेलकावा आला की नवख्या माणसाला वाटतं, आता ही परत येत नाही. प्रत्यक्षात तो हेलकावा आखणीप्रमाणेच असतो.

पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. बोट चालत असताना ते कोन बदलत डोलणं बरंच कमी करतात. बोट थांबली की त्यांचा उपयोग जवळपास संपतो. शिवाय नाळ वर जाऊन खाली आपटते ते हेलकावे त्यांना आवरत नाहीत.

आता वजन जागचं हलण्याचा मुद्दा. मराठवाड्यात तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. उन्हाळ्यात जालना रोडवर धावणारे पाण्याचे टँकर पाहा. पूर्ण भरलेला टँकर वळणावर निमूट वळतो, अर्धा भरलेला मात्र आतलं पाणी एका अंगाला धावल्यामुळे उलटायला बघतो. बोटीतली प्रत्येक अर्धी टाकी अशीच वागते. म्हणून टाक्या शक्यतो काठोकाठ भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात, त्यांत लांबीच्या दिशेने भिंती घालतात, आणि हवा बिघडणार असं दिसलं की वरच्या मजल्यावरचा पोहण्याचा तलावही रिकामा करतात. तलाव रिकामा करताना पाहून प्रवासी घाबरतात. तेव्हा खरं तर हायसं वाटायला हवं.

माणसांच्या वजनाचंही तसंच आहे. त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरची सर्वांत दुःखद घटना आठवावी लागते. 17 जुलै 1947 ला सकाळी ‘रामदास’ ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या होती, गटारीसाठी गावी जाणारी माणसं होती, बोटीवर सातशेच्या घरात जीव होते. अंतर एवढंसं, पण पावसाळा ऐन भरात. काशाच्या खडकाजवळ बोट पोचली, तेव्हा एका बाजूने पाऊस आणि लाटांचे सपकारे आत येऊ लागले. त्यांतून वाचायला माणसं दुसऱ्या बाजूला धावली. बोट त्या अंगाला कलली, तोच मोठी लाट आली आणि रामदास उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास काही कळलंच नाही. अनेकांना वाचवलं ते आपल्या होड्या घेऊन मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी.

अमावस्येच्या तोंडावर निघालेली बोट म्हणून ती गेली, असं अजूनही सांगितलं जातं. अमावस्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते हे खरं. पण रामदास उलटली ती तिथीने नव्हे. भर पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा, लाट आणि एकाच क्षणी एका बाजूला गेलेलं शेकडो माणसांचं वजन, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. हे वजन आज आधीच हिशेबात धरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत माणशी 75 किलो धरून सगळे प्रवासी एका अंगाला गेल्याचं गणित करावं लागतं, आणि त्याने बोट 10 अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. खवळलेल्या समुद्रात ‘आपापल्या जागी बसून राहा’ अशी घोषणा झाली तर ती पाळावी, कारण त्यामागे रामदाससारख्या बोटींचा इतिहास आहे.

पावसामुळे समुद्र खवळतो, हीसुद्धा समजूत चुकीची. लाट वाऱ्याने उठते. वारा किती जोराचा, किती तास वाहिला आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून आला, या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर न थांबता येतो, म्हणून आपला किनारा त्या काळात बंदच असल्यासारखा असतो. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच थांबतात, आणि एम्प्रेससुद्धा 2022 आणि 2023 च्या पावसाळ्यात मुंबई सोडून चेन्नईहून फिरत होती. उलट आकाश निरभ्र, वारा नाही, तरीही किनाऱ्यावर मोठ्या लाटा, असंही होतं. दक्षिणेकडच्या दूरच्या वादळात उठलेल्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून आपल्याकडे येतात. त्यांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते.

तो इशारा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘लाटांची उंची 3 ते 4 मीटर’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा 4 मीटर ही कमाल मर्यादा नसते. सगळ्या लाटांमधल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच समुद्रात तासन्‌तास राहिलं तर सुमारे दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणं हे अगदी अपेक्षित आहे.

दुपटीहूनही मोठ्या, अचानक उठणाऱ्या लाटांच्या गोष्टी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि शास्त्रज्ञ त्या अतिशयोक्ती मानत होते. 1 जानेवारी 1995 ला उत्तर समुद्रातल्या ‘ड्रॉप्नर’ या फलाटावर लेसरच्या उपकरणाने 25.6 मीटरची लाट मोजली. भोवतालच्या समुद्रातल्या मोठ्या लाटांची सरासरी तेव्हा सुमारे 12 मीटर होती. खलाशी खरं बोलत होते. पण अशा लाटेने क्रूझच्या बोटीवर माणूस दगावतो तो बहुधा काचेपायी. मार्च 2010 मध्ये भूमध्य समुद्रात ‘लुई मॅजेस्टी’च्या बैठकीच्या हॉलच्या काचा फुटून दोघं गेले. 2022 च्या नोव्हेंबरअखेर दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ ‘व्हायकिंग पोलॅरिस’च्या खोल्यांच्या काचा फुटून एक प्रवासी गेली. दोन्ही बोटी तरंगतच राहिल्या. कप्तानाने खिडक्यांपासून दूर व्हायला सांगितलं असताना मोबाइल धरून काचेशी उभं राहणं, हा त्या व्हिडिओंमधला खरा धोका आहे.

चक्रीवादळाचा विषय निघाला की प्रत्येकाला मे 2021 आठवतो. ‘तौक्ते’च्या वेळी, 17 मे रोजी, मुंबईसमोरच्या समुद्रात पी-305 बुडाला. त्यावर 261 माणसं होती, 186 वाचली. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता त्या लाटांत शोध घेत होत्या. तेव्हापासून ‘एवढं मोठं जहाज बुडालं, तिथे क्रूझची काय कथा’ हे वाक्य ऐकू येतं. पी-305 हा बार्ज होता, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा तरंगता फलाट, आणि त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगरावर तो उभा होता. वादळात नांगरांनी दगा दिला, बार्ज वाहवत गेला, तेलाच्या फलाटावर आदळला, भोक पडलं आणि पाणी आत आलं. इशारे आधी मिळाले असताना ती माणसं तिथे का राहिली, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. पण तो प्रश्न माणसांच्या निर्णयाचा आहे, लाटेच्या उंचीचा नाही.

इंजिन असलेली बोट वादळाच्या वाटेतून बाजूला जाऊ शकते. बातमीत ‘ताशी दीडशे किलोमीटर’ ऐकलं की वाटतं, एवढ्या वेगाने येणाऱ्या वादळापुढे कोण पळणार? तो वेग केंद्राभोवती गरगरणाऱ्या वाऱ्याचा. वादळ स्वतः बहुतेकदा ताशी दहा-वीस किलोमीटरनेच सरकतं, आणि क्रूझ ताशी तीसच्या पुढे जाते. म्हणूनच बंदरात धोक्याचे वरचे बावटे लागले की पुष्कळदा मोठ्या जहाजांना धक्का सोडून खोल समुद्रात जायला सांगतात. वादळात बंदर सर्वांत सुरक्षित, हे होडीसाठी ठीक. मोठं जहाज धक्क्यावर आपटून फुटतं. मोकळ्या पाण्यात ते नाळ लाटेकडे करून, वेग कमी ठेवून तग धरतं.

त्यासाठी इंजिन मात्र चालू हवं. 23 मार्च 2019 ला नॉर्वेच्या किनाऱ्यावर ‘व्हायकिंग स्काय’ 1373 माणसांसह वादळात सापडली आणि तिची चालू असलेली सगळी इंजिनं एकापाठोपाठ बंद पडली. बोट खडकांकडे वाहू लागली. नांगर टाकले, एक इंजिन कसंबसं सुरू झालं, आणि साडेचारशेहून जास्त प्रवाशांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. दुसऱ्या दिवशी बोट स्वतःच बंदरात पोचली. कारण काय निघालं? इंजिनाच्या संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलटाकीत, वंगणाचं तेल शिफारशीपेक्षा खूप कमी होतं. बोट जोरात हेलकावे खाऊ लागली तसं तेल एका बाजूला गेलं, पंपाने हवा ओढली, दाब पडला आणि सुरक्षेसाठी इंजिनांनी स्वतःला बंद करून घेतलं. शेंद्र्यात गाड्या जुळवणाऱ्या, डिपस्टिक पुसून पातळी पाहणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. त्या दिवशी नऊ-दहा मीटरच्या लाटा बोटीने सोसल्या होत्या. घात झाला तो तेलाच्या पातळीने.

बोट लागण्याबद्दल थोडक्यात. ‘आपण मराठवाड्याची माणसं, आपल्याला सोसणार नाही’ असं म्हणतात, पण त्याचा गावाशी किंवा पोटाच्या ताकदीशी संबंध नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. ब्रिटिश आरमाराचा प्रसिद्ध सेनापती नेल्सन यालाही आयुष्यभर बोट लागत असे. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची महागडी खोली सर्वांत जास्त हलते. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची स्वस्त खोली सर्वांत कमी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर ती फारसा उपयोग करत नाही.

आणखी एक तक्रार परत आलेल्यांकडून ऐकू येते. लक्षद्वीपचे पैसे भरले, बेट समोर दिसलं, आणि कप्तानाने उतरूच दिलं नाही, म्हणजे बोटीत दम नव्हता. तिथे मोठी बोट लागेल असा धक्का नाही. प्रवाशांना लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. दीड-दोन मीटरची लाट क्रूझला जाणवतही नाही, पण तिच्या दारातून खालीवर होणाऱ्या होडीत आजीला पाय टाकायला लावणं हे त्या साऱ्या प्रवासातलं सर्वांत धोक्याचं काम असतं. मार्ग बदलण्याचा, बंदर गाळण्याचा, उशिरा परतण्याचा अधिकार कप्तानाकडे असतो आणि तिकिटाच्या अटींत तो सहसा लिहिलेला असतो. पैसे भरण्याआधी त्या अटी वाचाव्यात, आणि मुंबईत बोट लागणार त्याच दुपारच्या वंदे भारतचं परतीचं तिकीट काढू नये.