गादीवाफा

दख्खनच्या पठारावरील काळी माती कसदार खरी. परंतु तिचे कण अतिसूक्ष्म असल्याने पावसाळ्यात ती फुगते व पाणी धरून ठेवते. मग मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांग्यांची कोवळी रोपे कुजतात. यास्तव शेतकरी गादीवाफा करतात. वाफसा आल्यावर, म्हणजे मुठीत दाबलेली माती बोटाने सहज फुटू लागली की, जमीन खणून तीत कुजलेले शेणखत मिसळावयाचे. चिखलात कुदळ कधीही घालू नये. त्याची ढेकळे वाळून दगडासारखी होतात. नंतर सुमारे १५ सेंटिमीटर उंच वाफा रचून दोन्ही बाजूंस चर काढतात. जास्तीचे पाणी त्यांत उतरते. वाफ्याची रुंदी मात्र मीटरभरच असावी. ती वाढली, तर मधले तण उपटण्यासाठी वाफ्यावर पाय द्यावा लागतो आणि कष्टाने मोकळी केलेली माती पुन्हा घट्ट होते.