मागे बसणारीनेही ब्रेक जाणून घ्यावा

रात्रीची जेवणं आटोपली, की हल्ली बऱ्याच घरांत हा विषय निघतो. "आई, जुनी गाडी काढून टाकू की! नव्या गाडीत वळणावरचासुद्धा एबीएस येतो." ह्यांचंही मत मुलाच्याच बाजूनं. आणि आपण? ओटा पुसता पुसता "तुम्ही दोघं बघा काय ते" म्हणून मोकळ्या होतो!

पण मैत्रिणींनो, त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसतं कोण? तुळजापूरच्या घाटात एका हातानं पर्स आणि दुसऱ्या हातानं सीट धरून कोण जातं? आपणच ना! मग ज्या ब्रेकवर आपला जीव, तो काय चीज आहे हे आपल्याला ठाऊक नको?

आधी साधा एबीएस समजून घेऊ. समोर अचानक म्हैस आली, की चालवणारा घाबरून ब्रेक करकचून दाबतो. चाक जागच्या जागी थांबतं, पण गाडी थांबत नाही. ओल्या मोरीत पाय सरकावा तशी ती घसरत जाते. एबीएस असलेल्या गाडीत चाकाचा वेग मोजणारं यंत्र असतं. चाक अडकतंय असं दिसताच ते ब्रेकची पकड किंचित सोडतं, पुन्हा धरतं, आणि हे एका सेकंदात अनेकदा करतं. चाक फिरत राहतं, म्हणून गाडी ताब्यात राहते. मोटारसायकलला असा इलेक्ट्रॉनिक ब्रेक प्रथम १९८८ साली बीएमडब्ल्यू कंपनीनं दिला. आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून, आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून तो सक्तीचा झाला.

मग वळणावरचा वेगळा कशाला? असं समजा, टायरची पकड म्हणजे एकच पोळी. सरळ रस्त्यावर ती सगळी ब्रेकच्या ताटात वाढता येते. वळणावर गाडी कलते, तेव्हा अर्धीअधिक पोळी वळण्यातच संपते. ब्रेकला उरतो तुकडा. तिथं जोरात ब्रेक दाबला, तर गाडी एकदम उभी होऊन वळणाबाहेर जाते, नाही तर आडवी होते. कॉर्नरिंग एबीएसमध्ये गाडी किती कलली आहे हे मोजणारं आणखी एक यंत्र असतं. त्या अंदाजानं ब्रेकचा जोर बेताबेतानं वाढवला जातो. २०१३ साली बॉश कंपनीची ही व्यवस्था केटीएमच्या मोठ्या गाडीवर आली. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये भारतात आली, तीही हा ब्रेक घेऊनच. किंमत तेव्हा सुमारे ३ लाख!

आता मुलगा म्हणेल, "आपल्या जुन्याच गाडीला बसवून घेऊ." तसं होत नाही हो! चाकावरची यंत्रं, ब्रेकची नळ्यांची जोडणी, कल मोजणारं यंत्र हे सगळं त्या त्या गाडीचं वजन आणि बांधणी पाहून कारखान्यातच जुळवलेलं असतं. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याची परवानगी नाही. म्हणजे हा ब्रेक हवा, तर गाडीच बदलायला हवी.

पैसे असतील तर जरूर घ्या. पण एक लक्षात ठेवा, कुठलाही ब्रेक नसलेली पकड निर्माण करत नाही. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टरबरोबर रस्त्यावर आलेली काळी माती, हंगामात ट्रॉलीतून सांडलेलं पाचट, यांवर ३ लाखांची गाडीही घसरते. आणि वेग ४० वरून ६० वर नेला, की ब्रेक लावल्यावर थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. हे गणित कोणतीच कंपनी बदलू शकत नाही.

एवढे पैसे नसतील तर? गोटा झालेले टायर आधी बदला. हवा आठवड्याला तपासा. ब्रेक शू, ब्रेक पॅड झिजलेत का ते मेकॅनिकला बघायला सांगा. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. एबीएसचा दिवा गाडी सुरू करताना लागून थोडं पुढं गेल्यावर विझायला हवा. तो तसाच राहिला, तर एबीएस काम करत नाही असं समजा. आणि अचानक ब्रेक लावल्यावर हाताला धडधड जाणवली, तर ब्रेक सोडायचा नाही. एबीएस तेव्हाच काम करत असतो. हे आजच घरात सांगून ठेवा.

आता आपलं काम. शक्यतो दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. एका बाजूला बसलात की वजनही एका बाजूला जातं. वळणावर घाबरून उलट बाजूला झुकू नका, चालवणाऱ्याबरोबर राहा. पदर, ओढणी खोचून घ्या. मागच्या चाकाला जाळी आणि धरायला कडी असणं नियमानंच बंधनकारक आहे. 'दिसायला बरं नाही' म्हणून मुलानं ती काढली असेल, तर पुन्हा बसवायला लावा. आणि हेल्मेट दोघांनाही, अगदी सात रस्त्यापर्यंत जायचं असलं तरी!

तेव्हा आज रात्री विषय निघाला, की ओटा तसाच राहू द्या. पदराला हात पुसून त्यांच्यात जाऊन बसा आणि विचारा, "गाडी नवी घ्यायची ती घेऊ हो, पण आधी सांगा, आहे त्या गाडीचे टायर शेवटचे कधी बदलले?" बघा, दोघंही कसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात ते!