मातीतला बीजसाठा आणि न मरणारे तण

भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावांच्या बांधांवर दिसणारे गाजर गवत (लोकांच्या तोंडी काँग्रेस गवत) भारतात १९५६ साली पुण्यातून प्रथम नोंदले गेले. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. पृष्ठभागावर पडलेले ताजे बी ओल मिळताच रुजते. परंतु नांगरटीने काही सेंटिमीटर खाली गाडले गेलेले बी सुप्तावस्थेत, म्हणजे जिवंत असूनही न रुजण्याच्या स्थितीत जाते आणि कित्येक वर्षे तसेच राहते. मातीतल्या अशा जिवंत बियांच्या एकूण साठ्याला बीजसाठा म्हणतात.

गाजर गवतासारख्या तणांतला तणनाशकाला न जुमानण्याचा गुण, म्हणजे प्रतिकारकता, फवारणीमुळे निर्माण होत नाही. तो काही थोड्या झाडांत आधीच असतो, आणि तेच रसायन वर्षानुवर्षे वापरल्यास इतर झाडे मरून या प्रतिकारक झाडांचीच संतती वाढते. कोलंबियात गाजर गवताची ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारी झाडे २००४ मध्ये आढळली. भारतात गव्हातील गुल्ली डंडा हे तण हरियाणात १९९०च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासे झाले. या प्रतिकारकतेच्या प्रसारात बीजसाठा दुहेरी भूमिका बजावतो, आणि ही बाब सहसा दुर्लक्षित राहते: आरंभी जुन्या, रसायनाला बळी पडणाऱ्या बिया उगवत राहिल्याने प्रतिकारकतेचा प्रसार मंदावतो, पण एकदा प्रतिकारक बी साठ्यात मुरले की रसायन थांबवूनही ते वर्षानुवर्षे उगवत राहते. म्हणून फवारणीतून वाचलेले झाड फुलोऱ्यापूर्वीच मुळासकट उपटणे महत्त्वाचे ठरते. खोल नांगरटीने मात्र गाडलेले जुने बी पुन्हा वर येऊ शकते.