गुरगुरणाऱ्या पिल्लाचे म्हणणे काय?

कुत्र्याचे पिल्लू घरात येते तेव्हा दीड-दोन महिन्यांचे असते. त्याचे दुडुदुडु धावणे, पायात घोटाळणे, अगदी बोटे चावणेसुद्धा कौतुकाचा विषय असतो. सहा-सात महिने लोटतात, पिल्लू अंगाने भरते आणि एके दिवशी सोफ्याखालचा चेंडू काढायला गेलेल्या मुलाच्या मनगटावर दात उमटतात. दाराची बेल वाजली की ते पलंगाखाली शिरते, पाहुण्याने हात पुढे केला की गुरगुरते आणि गळ्यातला पट्टा धरणाऱ्या घरच्याच माणसाच्या हाताला चावते. मग घरात तट पडतात. ‘कुणाला तरी देऊन टाका,’ असे आजी म्हणते. ‘दोन फटके द्या, सरळ होईल,’ असा शेजाऱ्यांचा सल्ला येतो आणि मुले रडकुंडीला येतात.

पिल्लू माजले आहे, अशी या दोन्ही सल्ल्यांमागची समजूत असते. वास्तविक या वयातील अशा चाव्यांच्या मुळाशी पुष्कळदा भय असते. ‘मला भीती वाटते आहे, दूर व्हा,’ हे सांगण्याचे पिल्लाजवळील अखेरचे साधन म्हणजे दात होत. हे ध्यानात आले की उपायाची दिशा आपोआप ठरते. आधी भय कमी करायचे. ते ओसरले की चावण्याचे कारणही उरत नाही.

भय येते कोठून?

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात निर्णायक असतो, असे त्यातून दिसून आले. या काळात भेटलेली माणसे, ऐकलेले आवाज, पाहिलेले प्राणी त्याच्या लेखी ‘ओळखीचे’ ठरतात. नंतर भेटणाऱ्या प्रत्येक नव्या गोष्टीकडे ते संशयाने पाहू लागते.

आपल्या शहरांत नेमका हाच काळ वाया जाण्याचा संभव असतो. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तरीही ‘लहानपणी आणले की लळा लवकर लागतो’ या समजुतीने पिल्लाला आईपासून लवकर तोडले, तर भावंडांच्या खेळातून मिळणारा धडा राहून जातो. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ मोडतो, यातूनच पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकते. पुढे लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला चार भिंतींत ठेवले जाते. रस्ता, रिक्षा, लिफ्ट, छत्री, रेनकोट घातलेला माणूस हे सारे त्याला प्रथम दिसते ते चौथ्या-पाचव्या महिन्यात.

त्यातच वाढीचे वय येते. चौथ्या ते सातव्या महिन्यादरम्यान २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात. साधारण सहाव्या महिन्यापासून पौगंडावस्था सुरू होते आणि ती दीड-दोन वर्षांपर्यंत चालते. ब्रिटनमधील ल्युसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ महिन्यांची पिल्ले ‘बस’ ही आज्ञा पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी पाळताना आढळली. तीही केवळ आपल्या सांभाळकर्त्याची. परक्याचे ती ऐकत होती. वर्षाची झाल्यावर हा आडमुठेपणा ओसरलेला दिसला. घरच्यांनी मनाला लावून घ्यावे असे त्यात काही नाही.

दातांआधीची भाषा

खेळातले चावणे आणि भयातले चावणे यांत फरक करता आला पाहिजे. खेळणाऱ्या पिल्लाचे अंग सैल असते, हालचाली उड्या मारणाऱ्या असतात आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून ते पार्श्वभाग वर करते. अशा वेळी दात लागले तर शब्द न बोलता खेळ थांबवावा, अर्धा मिनिट दूर व्हावे आणि परत येताना चावण्यासाठी खेळणे द्यावे. थकलेले पिल्लू अधिक चावते, म्हणून दिवसभरात भरपूर आणि निर्विघ्न झोपही हवी.

भ्यालेले पिल्लू आधी हळू आवाजात बोलते. ते तोंड फिरवते, ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते. कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. याकडे लक्ष गेले नाही तर ते ताठ होऊन क्षणभर थिजते, मग गुरगुरते, दात दाखवते आणि अखेर चावते. ‘काही कारण नसताना चावले’ अशी तक्रार होते, तेव्हा बहुधा यातल्या पहिल्या पाच-सहा सूचना कोणी वाचलेल्या नसतात.

फटक्याने काय साधते?

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण मांडले. त्यावरून, कळपात सतत वर्चस्वाची झुंज चालते आणि कुत्र्यालाही ‘म्होरक्या कोण’ हे दाखवावे लागते, असा समज पसरला. पिल्लाला उताणे पाडून दाबून धरणे, मानेला धरून हलवणे हे प्रकार त्यातूनच रूढ झाले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली रानातील कळपांविषयी वेगळे चित्र मांडले. तेथील कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांची पिल्ले, अर्थात एक कुटुंब असते. दाबून धरलेल्या भित्र्या पिल्लाला त्यामुळे एवढेच कळते, की या हातांना भ्यायलाच हवे.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणे तर सर्वांत धोक्याचे आहे. रेल्वे फाटकावरची घंटा काढून टाकली म्हणून गाडी यायची थांबत नाही. मार खाल्लेले पिल्लू गुरगुरणे सोडते, भय मात्र तसेच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. म्हणून पिल्लू गुरगुरले की थांबावे, शांतपणे मागे सरावे आणि नेमके काय घडत होते याची नोंद ठेवावी. दोन आठवड्यांची अशी टिपणे हाती असली की भयाची कारणे मोजकी असल्याचे सहसा दिसते.

अंतर आणि खाऊ

प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कानाचा संसर्ग किंवा सांध्याचे दुखणे असेल तर स्पर्शाने वेदना होते आणि पिल्लू चावते. तेथे शिकवणीआधी औषध हवे.

त्यानंतर चावण्याचे प्रसंगच टाळायचे. घरात एक कोपरा पिल्लाचा म्हणून राखून ठेवावा. झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि आपल्या कोपऱ्यात गेलेल्या पिल्लाला कोणी हात लावायचा नाही, हा नियम आजोबांपासून घरकामाच्या मावशींपर्यंत सर्वांना सारखाच. मोठे माणूस जवळ नसेल तर मूल आणि पिल्लू यांच्यामध्ये दार किंवा जाळी असावी. पाहुणे येण्याआधी पिल्लू आतल्या खोलीत गेलेले असावे.

खरी शिकवण यानंतर सुरू होते. विशिष्ट आवाजापाठोपाठ अन्न मिळत गेले, तर नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी दाखवले. तोच नियम येथे कामी येतो. भीतीची गोष्ट आधी आणि आवडीचा खाऊ लगेच मागून, हा क्रम मोडू नये.

अनोळखी माणसाचे भय असेल तर सुरुवात दिवाणखान्यात नको, सोसायटीच्या मोकळ्या आवारात करावी. पिल्लाला माणूस दिसेल, पण ते खाऊ घेऊ शकेल एवढे अंतर ठेवावे. माणूस दिसला की उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा बारीक तुकडा. माणूस दृष्टीआड झाला की खाऊ बंद. (मनुका, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात.) आवडीचा तुकडाही पिल्लू घेत नसेल तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे. ते माणसाकडे पाहून आपणहून आपल्याकडे वळू लागले की अंतर थोडे कमी करावे. पाहुण्याच्या हातून खाऊ देण्याची घाई नको. लोभाने पिल्लू जवळ जाते आणि खाऊ संपताच आपण परक्याच्या पुढ्यात उभे आहोत हे ध्यानात येऊन दचकते.

बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आधी अगदी हळू ऐकवावा. पट्ट्याची भीती असेल तर मानेजवळ हात नेणे, मग पट्ट्याला स्पर्श, मग क्षणभर धरणे अशा पायऱ्या कराव्यात. प्रत्येक पायरीला खाऊ. तोंडातली वस्तू ओढून न घेता अधिक चांगल्या वस्तूशी अदलाबदल करावी. हे सारे पाच मिनिटांचे, दिवसातून दोन-तीनदा. भ्यालेल्या पिल्लाला खाऊ दिल्याने भीतीला उत्तेजन मिळेल, अशी शंका घेतली जाते. पण भय ही भावना आहे, खाऊच्या आशेने धरलेले नाटक नव्हे.

धीर आणि खबरदारी

हे काम आठवड्यांचे नाही, महिन्यांचे आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी महिन्याची कमाई एका रात्रीत जाऊ शकते. त्यासाठी पशुवैद्याशी आधीच बोलावे. तोंडावर बसवायची जाळी, म्हणजे मझल, खाऊच्या साहाय्याने सवयीची करून ठेवावी. प्रशिक्षक नेमताना ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. चोक चेन किंवा मार हे उत्तर आले, तर दुसरा प्रशिक्षक शोधावा.

चाव्याने रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना लावू नये. पिल्लाला रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरात रांगते मूल आहे, चावे खोल आहेत आणि लक्ष ठेवायला माणूस नाही, अशी परिस्थिती असेल तर पिल्लाला दुसरे घर पाहणे हाही जबाबदारीचा निर्णय ठरू शकतो. मात्र नव्या घराला चाव्यांचा सारा इतिहास प्रामाणिकपणे सांगायला हवा. रस्त्यावर सोडून देणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही ठरतो.

बहुतेक घरांवर ती वेळ येत नाही. बेल वाजल्यावर पिल्लू पलंगाखाली न शिरता आपल्या कोपऱ्यात जाऊन खाऊची वाट पाहू लागले, नको असलेल्या स्पर्शाला दात न लावता उठून बाजूला झाले, की वाट बरोबर आहे असे समजावे. प्रत्येक पाहुण्याने त्याचे लाड करावेत, हा हट्ट घरच्यांनीही सोडलेला बरा.