चौरस मीटरला ४० ग्रॅम

पॅराग्लायडरच्या विंगचं कापड चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम भरतं. झेरॉक्सचा कागद असतो ७०-८० ग्रॅमचा. म्हणजे कामशेतच्या डोंगरावरून माणूस ज्याच्या भरवशावर पाय उचलतो, ते कापड कागदाच्या निम्म्या वजनाचं. ते विणायला बऱ्याचदा ३० डेनियरचा नायलॉनचा धागा वापरतात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तेव्हा ९ किलोमीटर धागा ३० ग्रॅमचा. एकट्यानं उडायच्या विंगचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटरच्या आसपास, वरचा आणि खालचा थर मिळून ५०. आतले पडदे धरलेच नाहीत, तरी धाग्याचा हिशेब ४०० किलोमीटरच्या घरात जातो. पुण्याहून नाशिकला जाऊन परत यावं एवढा धागा, आणि साधी विंग दोऱ्यांसकट पाचेक किलोची.

दोऱ्यांची एकूण लांबी दोन-तीनशे मीटर. मिलिमीटरभरही जाड नसलेली दोरी शंभर किलोहून जास्त भार घेते. युरोपीय मानकानुसार विंग पास व्हायची तर तिनं कमाल वजनाच्या ८ पट भार सोसून दाखवावा लागतो. १०० किलोची मर्यादा असेल तर ८०० किलो. टेकऑफवर नवख्यांना धीर द्यायला हाच आकडा सांगतात. खरं म्हणजे रोजच्या देखभालीत त्याचा उपयोग फार थोडा. नीट वापरलेली विंग सहसा तुटून दगा देत नाही. ती दगा देते आकार बदलून, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

कापडाचंच बघा. विणीतून हवा झिरपू नये म्हणून त्यावर काही मायक्रॉनचा लेप असतो. विंग फुगलेली राहते ती त्याच्या जिवावर. ऊन, वाळू, ओढताना घासणारे दगड आणि कोंबून घातलेल्या घड्या त्या लेपाला खातात. तपासणारा माणूस कापडाला एक छोटं यंत्र लावतो. सुमारे ७ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीएवढ्या कापडातून पाव लिटर हवा खेचली जायला किती सेकंद लागतात, ते हे यंत्र मोजतं. नव्या कापडाला कित्येकशे सेकंद लागतात. आकडा दहा-पंधराच्या खाली आला, की रंग कितीही झळकत असो, त्या विंगचं उडणं संपलं.

दोऱ्यांची गोष्ट याहून चमत्कारिक. पायलटचं बरंचसं वजन पुढच्या दोऱ्यांवर येतं, त्या ताणलेल्या राहतात. मागच्यांवर भार कमी. त्या डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या असल्या तर हळूहळू आखडतात, ओल्या होऊन वाळल्या की आणखी. मागची बाजू खाली ओढली जाते, नाक वर होतं, विंग मंदावते. फार झालं तर ती पुढे जायचं सोडून छत्रीसारखी सरळ खाली उतरायला लागते. लांबीतला हा फरक असतो किती? सातेक मीटरच्या उंचीत १० मिलिमीटर म्हणजे हजारात दीड भागसुद्धा नाही, पण तेवढ्यानंही तपासनीस कपाळाला आठ्या घालतो. म्हणून प्रत्येक दोरीला सुमारे ५ किलोचा ताण देऊन तिची लांबी लेझरनं मोजतात, उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहतात आणि रायझरपाशी, म्हणजे दोऱ्या जिला जोडलेल्या असतात त्या पट्टीपाशी, दोरीचा एखादा वेढा वाढवून किंवा सोडवून काही मिलिमीटर जुळवतात. बहुतेक उत्पादक वर्षा-दोन वर्षांनी किंवा १००-१५० तासांनी हे करायला सांगतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर उड्डाणं बंद. नायलॉन ओलावा शोषतं, तेव्हा शेवटच्या उड्डाणानंतर विंग सावलीत पूर्ण वाळवायची, सैल घडी घालायची आणि कोरड्या खोलीत ठेवायची. उन्हात तापणाऱ्या डिकीत कदापि नाही. समुद्रात पडली तर लगेच गोड्या पाण्यानं धुवायची, कारण मिठाचे स्फटिक धागे कातरतात. साबण नकोच. घडी घालण्याआधी नाकतोडे हुसकायचे. हे ऐकून लोक हसतात, पण विंगच्या पुढच्या कडेला चाळीस-पन्नास उघडी तोंडं असतात, डोंगरावर गवत मायंदाळ, आणि आत अडकलेला नाकतोडा कापड कुरतडून वाट काढतो.

जुनी विंग विकणारा सांगतो, ‘फक्त १०० तास उडालीये.’ लॉगबुकात ते खरं असेलही. पण वाऱ्याची वाट बघत दुपारभर टेकऑफवर पसरून ठेवलेली विंग, शिकाऊंनी मैदानात तास न् तास ओढलेली विंग, यांचे तास लॉगबुकात कोण लिहितो? अतिनील किरणं उड्डाण आणि पडून राहणं यांत भेद करत नाहीत. घेणाऱ्यानं लॉगबुक परत द्यावं आणि तपासणीचा कागद मागावा, सेकंद आणि मिलिमीटर लिहिलेला.